कांबळे मॅडमचं कॅन्सल खातं

किस्से आपोआप साठत नाहीत, त्याला माणूस तसा लागतो! आमच्या अंबरनाथच्या फॅक्टरीत तो माणूस म्हणजे टाइम ऑफिसच्या कांबळे मॅडम. वीस वर्षं कामगारांची हजेरी मांडतायत. शिवाय एक बिनपगारी खातं चालवतात: लोकांच्या मोबाईलला चिकटलेली सबस्क्रिप्शन्स सोडवून देणं. घेताना मिनिटभरात होतं, सोडताना कंपनी सापडतच नाही. मॅडमना सापडते!

*

माझंच घ्या. मुलीसाठी इंग्लिश शिकवणारं अ‍ॅप घेतलं. तिने दोन दिवसांत सोडलं, पण अ‍ॅप मला सोडेना. तीन आठवडे मी कस्टमर केअरवर ओरडत होतो. मॅडमनी फोन घेतला, वही उघडली आणि गोड आवाजात विचारलं, "नाव काय बाळा? तुझे साहेब कुठायत?"

"सीनियर मीटिंगमध्ये आहेत, मॅडम."

"बरं. गैरहजर मांडते."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मॅडमनी आधीच्या तारखा-वेळा सगळ्या वाचून दाखवल्या. दुपारी साहेबांचाच फोन आला, "मॅडम, मी हजर आहे!"

*

डिस्पॅचचे पाटील बदलापूरहून येतात. त्यांना रोजचं भविष्य सांगणारं अ‍ॅप लागलं होतं. फोन नंबर नाही, नुसतं चॅट. पाटील त्या मशीनशी तासभर भांडायचे आणि शेवटी ते म्हणायचं, "आपला दिवस शुभ जावो!" मॅडमनी अ‍ॅपच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरातला पत्ता हुडकला आणि पोस्टाने पत्र धाडलं. म्हणाल्या, "अ‍ॅपला बोट पुरतं, कंपनीला कागदच लागतो." आठवड्यात माफीचा मेल आला.

पाटील मात्र खट्टू. "पत्र येणार हे त्यांना आधी कळायला नको होतं?"

*

वेल्डर राजेशने उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जिम लावली आणि लगेच त्याची शिफ्ट बदलली. रद्द करायला गेला की मालक बाहेरगावी! मॅडम फॅक्टरी सुटल्यावर शेअर रिक्षाने थेट जिममध्ये. पदर खोचला आणि सायकलवर बसल्या. "मालक येईपर्यंत चालवते." चार दिवस चालवली. पाचव्या दिवशी मालक दारातच उभा, "मॅडमजी, आप मत आओ, फॉर्म मैं फॅक्टरी भेजता हूँ!"

आम्ही विचारलं, "काय झालं शेवटी?"

"राजेशचं नाव कापलं. माझं वजन दीड किलो उतरलं."

अशी बाई आपल्या फॅक्टरीत आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

*

मॅडमच्या स्वतःच्या नंबरवर मात्र फोन करणाऱ्याला न मागता लागलेली एक भसाडी कॉलर ट्यून ऐकू येते. मी एकदा धीर करून विचारलं, "ही का नाही बंद करत?"

"राहू दे. ती ऐकूनही जो थांबतो, त्याचंच काम खरं असतं!"

*

बुवापाड्याच्या गायकवाड वहिनींचं काम मात्र मॅडमनाही जड गेलं. गायकवाड आमचा फिटर, गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. त्याच्या फोनवर तब्येतीचं एक अ‍ॅप होतं. रोज सकाळी सहाला फोन यायचा आणि एक बाई प्रेमाने म्हणायची, "गायकवाडजी, उठा! आज चालायचंय ना?" नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. फोन बंद ठेवावा, तर गॅसपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी त्यावरच. आणि त्या हाकेने त्याची म्हातारी आई दचकून उठायची, दाराकडे बघत बसायची. वहिनींना एवढंच हवं होतं, ती हाक थांबावी.

मॅडमनी मृत्यूचा दाखला पाठवला, पत्रं पाठवली, रोजची हजेरी मांडली. उत्तर एकच: अकाउंट होल्डरने स्वतः बोलायला हवं.

एका रविवारी मॅडम आणि मी वहिनींच्या घरी गेलो. मॅडमनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "पॉलिसी आहे मॅडम, सरांशीच बोलावं लागेल." मॅडमना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या काही बोलणार, तोच म्हातारीने हात पुढे करून फोन घेतला.

"तूच का गं ती, सकाळची?"

म्हातारीने फोन आणखी तोंडाजवळ धरला.

"बाय, तू रोज त्याला हाक मारतेस. मीबी मारते. तुला त्यानं ओ दिली, तर मलाबी सांगशील?"

मग टाइपिंगचा आवाज आला.

"झालं, आजी," ती मुलगी म्हणाली.