गच्चीवरची निळी पिंपं

सर्व सुजाण वाचकांनी जरा सावरून बसावे. कुरुळी गावच्या इतिहासातली एक अत्यंत गंभीर बाब आज जाहीर करतो आहे. मी, या गावचा मूळ शेतकरी आणि एका चारमजली इमारतीचा मालक, माझ्याच एका भाडेकरूवर तीन वर्षं जळत होतो.

माणूस परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत फिटर. भेटला की कसलं तरी पान दोन बोटांत चुरडायचा, तुमच्या नाकाखाली धरायचा आणि म्हणायचा, "वास तर घ्या, मालक." नमस्कार वगैरे नंतर.

तो येण्याआधी संध्याकाळची शोभा मी होतो. जिन्याच्या पायरीवर बसून किस्से सांगायचो आणि अख्खी इमारत हसायची. भाडेकरू मालकाच्या विनोदाला हसतातच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कंपन्यांतला ओव्हरटाइम बंद झाला. दोघातिघांचं काम गेलं. माणसं दारं लावून बसू लागली. हा गडी एकेक दार वाजवून एकच विचारायचा, तुमच्या गावाकडची कुठली भाजी इथं मिळत नाही? भंगारवाल्याकडून निळी पिंपं आणून त्यानं मधोमध कापली आणि गच्चीवर मांडली. घरटी एक पिंप, त्यावर रंगानं गावाचं नाव. चिपळूणचं अळू, नांदेडची अंबाडी, तळमजल्यावरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंचा पुदिना. भाजीची देठं-सालं खत म्हणून ज्यानं त्यानं वर न्यायची. न्यायला गेलेली माणसं तासभर खाली उतरत नसत. ज्याचं काम गेलेलं, त्याच्या दाराला रोज कुणाची ना कुणाची भाजी टांगलेली असायची.

पायरीवर उरलो मी आणि मांजर.

मलाही त्यानं गाव विचारलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "माजं गाव तुज्या पायाखाली हाय." आमचं सात एकर रान कंपनीच्या पार्किंगखाली गेलंय, आम्हाला कसली शेती शिकवतो? आणि गुपचूप एका पिंपात मेथी पेरली. उगवली नाही. शेवटी चाकणच्या बाजारातून मुळांसकट जुडी आणली आणि एकेक काडी मातीत उभी केली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या काड्यांनी माना टाकल्या. अख्खी गच्ची बघायला जमली. तो वाकला, पान चुरडलं, हुंगलं. आता माझी अब्रू जाणार, म्हणून मी डोळे मिटले.

"ऊन लई पडायलंय," तो सगळ्यांना म्हणाला. "माझीबी सुकली."

त्याची भाजी शेजारीच हिरवीगार उभी होती. लेकाचा खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याला परभणीकडं, त्याच्या गावाजवळच्या साखर कारखान्यात काम मिळालं. सकाळी सामानाचा टेम्पो दाराशी लागला, तेवढ्यात पहिल्या शिफ्टची बस आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. एकही माणूस चढला नाही. खाडा लागणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. सलीमभाईंनी शटर उघडलं नव्हतं. बायका टेम्पोत बसलेल्या त्याच्या मांडीवर पिशव्या ठेवत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. आमच्या थांब्यावरून बस तशीच निघून गेली.

मी निरोपाचं वीस मिनिटांचं भाषण पाठ करून आलो होतो. घसा खाकरला, सगळे माझ्याकडे वळले, आणि तोंडातून एवढंच बाहेर पडलं,

"माज्यासाठी सोडली आसती का रं कुनी बस?"