जज्जबाईंची अदलाबदल

माझी धाकटी बहीण एका मोठ्या इस्पितळात तरुण संशोधकांना एकत्र काम करायला शिकवते. एवढ्या शिकलेल्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागतं का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, त्यांनाच सगळ्यात जास्त लागतं. घरात आम्ही तिला जज्जबाई म्हणतो. लहानपणी मी आणि दादा घरकामावरून हमरीतुमरीवर आलो की ही चिमुरडी मध्ये पडून आमची कामंच बदलून टाकायची. दादाला भांडी, मला पाणी भरणं. संध्याकाळपर्यंत दोघांची तोंडं बंद! आजही तिच्याकडे तोच एक इलाज आहे, फक्त आता त्याचा पगार मिळतो.

गेल्या वर्षी तिच्या हाताखाली एक भलतीच जोडी आली. एक डॉक्टर, गोडबोल्या, पेशंटशेजारी बसला की उठायचं नाव नाही. दुसरी तळघरातल्या प्रयोगशाळेतली मुलगी, हुशार, पण राग कायम नाकावर. दम्याच्या रुग्णांच्या रक्तात काय बदलतं ते दोघांनी मिळून शोधायचं होतं. रक्त काढलं की अर्ध्या तासात डॉक्टरने ती रक्ताची नळी तळघरात पोचवायला हवी, नाहीतर नमुना वाया. डॉक्टरच्या नळ्या हमखास उशिरा यायच्या. मुलगी त्या मुकाट्याने टाकून द्यायची आणि वर कळवायची, 'नमुना बाद'. का बाद, ते सांगेल तर शपथ. डॉक्टरला वाटायचं, पाच-दहा मिनिटांनी काय होतं, हिचं यंत्रच बिघडलंय. तो पेशंटला पुन्हा बोलवायचा. रक्त जायचं ते बिचाऱ्या पेशंटचं.

शेवटी इस्पितळाच्या समितीने बजावलं की सोमवारी येऊन बघतो, नमुने असेच फुकट जाणार असतील तर काम बंद. काम बंद झालं की मुलीची नेमणूकही संपणार होती. तिच्या आईने आधीच घरी परत ये म्हणून धोशा लावला होता. धाकटी जेवताना घास हातात धरून बसायची. माझा जीव तुटायचा, पण तोंडाने मी एवढंच म्हणायची की आधी जेव.

शुक्रवारी तिने अदलाबदल जाहीर केली. मुलीने वर पेशंटपाशी बसायचं आणि नर्सने रक्त काढलं की नळी खाली न्यायची. डॉक्टरने तळघरात वाट बघायची. आणि सरावाचा पेशंट कोण, तर मी! मला दमा आहे, माझं तोंड सतत चालू असतं आणि मी फुकट मिळते. सकाळी उपाशीपोटी नेऊन बसवलं. चहा झाल्याशिवाय मी माणसात नसते, हे ठाऊक असूनही.

नर्सने रक्त काढलं. नळी घेऊन उठता उठता मुलीने आपलं विचारायचं म्हणून विचारलं, त्रास कधीपासून आहे? झालं. आमचे हे गेले त्या वर्षी पहिल्यांदा धाप लागली, ते मी सांगायला लागले आणि पदर डोळ्यांना लावला. मुलगी पुन्हा बसली. नळी बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून तिने माझा हात धरला. नाकावरचा राग कुठल्या कुठे गेला होता. किती लक्ष देऊन ऐकत होती पोर! धाकटी कोपऱ्यात उभी राहून नुसतं घड्याळ बघत होती.

नळी तळघरात पोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. ती डॉक्टरला स्वतःच्या हाताने टाकावी लागली. मग धाकटीने मुलीला फर्मावलं, आता पेशंटला तूच सांग. दोघं माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मावशी, पुन्हा टोचावं लागेल," मुलगी म्हणाली. "उशीर माझ्यामुळे झाला." मग डॉक्टरकडे वळून तिने हळूच विचारलं, "तू रोज असाच अडकतोस का रे?"

"आणि तू रोज अशीच टाकून देतेस? माझ्या तर जिवावर आलं," तो म्हणाला.

मी दोघांनाही फैलावर घेतलं. माझ्या रक्ताचं एक वेळ सोडा, पण माझ्या चहाचं काय? दोघं हसत सुटले आणि तिथेच, माझ्या खुर्चीला टेकून, त्यांनी ठरवून टाकलं. सुईआधी त्याने खाली फोन करायचा, तिने वर येऊन नळी घेऊन जायची, मग त्याने हवं तेवढं बसावं.

सोमवारी समितीच्या प्रमुखांनी पहिलाच प्रश्न टाकला, इतके नमुने वाया गेले ते कुणामुळे?

"माझ्यामुळे," दोघं एकदमच म्हणाले.

प्रमुखांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. मग म्हणाले, करून दाखवा. पुन्हा मीच खुर्चीत, पुन्हा उपाशी. मुलगी वर आली, नळी घेऊन पळाली, आणि थोड्याच वेळात खालून फोन आला की नमुना चांगला आहे. काम चालू ठेवायची परवानगी मिळाली. व्हरांड्यात मुलगी आईला फोनवर सांगत होती की इतक्यात काही येत नाही मी. धाकटी डोळे पुसत म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलंय.

सगळे उठून गेले तरी डॉक्टर मात्र हलला नव्हता. माझ्यासाठी चहा मागवून त्याने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुम्ही तिला काकांचं सांगत होतात म्हणे. मलाही सांगा ना."

मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.