भूषणचा घोट

रूमवर ग्लास धुवायची पाळी कायम माझी. त्यामुळे रात्री कोण काय बोललं ते पिणारे विसरायचे आणि माझ्याकडे साठत जायचं. गंगापूर रोडच्या त्या रूमवर आम्ही तिघं होतो: मी, मनमाडचा पंक्या आणि दिंडोरीचा भूषण.

*

पंक्या एरवी मेसच्या मावशींकडे जास्तीची पोळी मागायलाही लाजायचा. एक बिअर पोटात गेली की मात्र साहेब इंग्रजीत सुरू! एकदा त्याच जोरावर त्यानं वर्गातल्या मुलीला फोन लावला आणि दोन वर्षं मनात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. सकाळी टिन फेकताना मी वाचलं, तर बिअर बिनअल्कोहोलची. पंक्याला दाखवलं. तो पांढराफटक पडला.

"म्हणजे काल जे बोललो, ते मीच बोललो?"

*

भूषणला पहिलं वर्षभर कुणी नावानं हाकसुद्धा मारली नव्हती. मग कळलं की त्याच्या घरी द्राक्षबाग आहे, आणि लेकाचा एका दिवसात वाइनचा एक्सपर्ट झाला. बाग खायच्या द्राक्षांची. गड्यानं थेंब कधी चाखलेला नाही. हे फक्त मला माहीत, कारण त्याचा भरलेला ग्लास मीच मोरीत ओतायचो. पण पोरं त्याला आग्रहानं शेजारी बसवायला लागली होती आणि ते सुख त्याला सोडवत नव्हतं. मग तो ग्लास हुंगायचा, डोळे मिटायचा आणि बापाकडून ऐकलेलं काहीतरी ठोकून द्यायचा.

"छाटणी लांबली यंदा."

सगळे माना डोलवायचे.

*

लग्नाच्या वाढदिवसाला कुठली वाइन घ्यावी, हे आमच्या एका सरांनीही त्याला गुपचूप विचारलं. हा म्हणाला, द्राक्षांत साखर भरेपर्यंत थांबा. सर आठवडाभर थांबले!

*

शेवटच्या वर्षी अख्खा वर्ग एका वायनरीत गेला. अर्धवट अंधाराच्या तळघरात तिथल्या ताईंनी ग्लास मांडले, प्रत्येकात घोटभर काहीतरी. पोरांनी भूषणला पुढे ढकललं. इथे मोरी नव्हती. आज पकडला गेला तर पुन्हा त्याला कुणी विचारणार नव्हतं.

त्यानं हुंगलं. आयुष्यातला पहिला घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"छाटणी चुकलीय."

"दादा, ते नुसतं पाणी आहे," ताई म्हणाल्या. "ग्लास विसळायला दिलंय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. भूषणचे कान लाल झाले. पण त्यानं ग्लास खाली ठेवला नाही. आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"बोअरचं आहे," तो म्हणाला. "दोनशे फुटांच्या खालचं."

ताईंनी दारात उभ्या असलेल्या मॅनेजरकडे पाहिलं.

"अडीचशे," मॅनेजर म्हणाला.