येसर, भावकी आणि बंद केलेली तीन खाती

गंगाखेडच्या फलाटावर पुण्याची गाडी लागली, तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझी बॅग स्वतः डब्यात चढवली आणि खिडकीपाशी येऊन एकच सूचना केली, "तिकडं कोणी विचारलं तर गाव सांगत जा. आडनावानं कोण वळखणार तुला?" आईने स्टीलचा एक डबा खिडकीतून आत सरकवला. त्यात येसर होते. गावी राहिलेल्यांना ते काय असते हे सांगावे लागत नाही. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगते: धान्ये, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेले ते पीठ. त्याच्या आमटीवाचून आमच्या राणीसावरगावात लग्नाची पंगत उठत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तो डबा मात्र दर सुट्टीनंतर भरून येई आणि सहकाऱ्यांत संपे. त्यातूनच व्यवसायाची कल्पना सुचली. आईने गावी भाजायचे, मी पुण्यात पाकिटे भरून विकायची. मी दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा घेतली. तोवर नियमित मागणी आली नाही, तर मी नोकरीवर परतणार आणि आईचे काम थांबणार, असे आमच्यात ठरले होते. आईने लगेच बाजारातून मोठी लोखंडी कढई आणली. रोजच्या स्वयंपाकाला त्या कढईचा काहीही उपयोग नव्हता.

विक्रीसाठी मी इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स आणि फेसबुक अशा चारही ठिकाणी खाती उघडली. व्हॉट्सॲप मुद्दाम वगळले. ते घरगुती गप्पांचे साधन आहे, असा माझा समज होता. पाकिटावर फक्त "मराठवाडी चव" एवढेच छापले. तालुक्याचे नाव टाकले तर ग्राहकवर्ग आकुंचन पावेल, असा माझा तर्क होता. इन्स्टाग्रामवरच्या चित्रफिती खरोखरच देखण्या झाल्या होत्या. मंद संगीत, मातीचे भांडे, वर येणारी वाफ. लोकांनी मनापासून कौतुक केले, मात्र मागणी जवळजवळ कोणीच नोंदवली नाही. "ही पावडर दुधातून घ्यायची का?" असेही एकीने विचारले. दसरा जवळ आला, तरी माझ्या पुण्यातल्या खोलीत पाकिटांची खोकी तशीच होती आणि रोज नवी चित्रफीत टाकण्याचा ताण वाढत होता.

फेसबुकचे पान सांभाळायला आईकडे दिले होते. ती फोनमध्ये बोले आणि फोन लिहून घेई. एके दुपारी चिंचवडच्या एका बाईंनी येसराच्या फोटोखाली टोमणा मारला, "येसर काढलंय विकायला? कोणाचं लगीन हाय?" मी तो पुसून टाकणार, तोच खाली आईचे उत्तर उमटले, "आमच्यात तर न्हाई बाई. तुमच्यात हाय का? माहेर कोणतं तुमचं?"

त्यांच्या घरी लग्न होते, मुलीचे. माहेर पोखर्णीचे, आमच्याच भागातले. पुढचे बोलणे फोनवर झाले, ते आईने मला जसेच्या तसे ऐकवले. त्या बाई म्हणाल्या होत्या, "गावाकडं चार जावा मिळून भाजतो आमी. हितं फ्लॅटात कढई चढविली की खालचे वरचे सगळे धूर धूर करायलेत. पाकीट नगं मला, पंगतीपुरतं पायजे." आईने विचारले, "तिखट किती खातेत तुमच्याकडं?" आणि सौदा झाला.

माझी चूक मला तिथे दिसली. ज्यांना येसर ठाऊक नव्हते, त्यांना मी ते रोजच्या जेवणासाठी पाकिटात घालून दाखवत होते. ज्यांना ते हवे होते, त्यांना ते लग्नासाठी आणि डबे भरून हवे होते. आमच्याकडच्या लग्नाची बातमी कुठे पसरते? भावकीच्या व्हॉट्सॲप गटात. आईने भाव कळवायला पाठवलेला आवाजी निरोप त्या बाईंनी त्यांच्या गटात टाकला, तिथून तो जावांच्या माहेरच्या गटांत गेला. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, म्हणून चौकशी आधीपासूनच येऊ लागली. मी प्रत्येकीला विचारू लागले की आमचा नंबर कुठून मिळाला. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या नणंदेचे किंवा मावशीचे नाव असे.

मग मी इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्सवरची खाती बंद केली. परगावी गेलेल्या आमच्या माणसांनी आम्हाला शोधावे यासाठी फेसबुक ठेवले आणि बोलण्या-ठरवण्यासाठी व्हॉट्सॲप घेतले. तिन्ही खाती बंद केल्यावर जी शांत झोप लागली, ती पुण्यात आल्यापासून लागली नव्हती. सगळीकडे दिसले पाहिजे, हे ओझे मी आपणहून उचलले होते. ते खाली ठेवायला कोणाची परवानगी लागली नाही.

दिवाळीपूर्वीच मागणी नियमित झाली आणि मी प्रयोगशाळेत राजीनामा दिला. आईला फोन केला, तेव्हा मागून कढईत उलथन्याचा आवाज येत होता. "बरं झालं," ती म्हणाली. "आता ठेव, धने करपायलेत."

आता महिन्यातून एकदा गावी जाते, माल पाहते, परत येते. पूर्वी निघताना गाव सुटल्यासारखे वाटे, तसे आता वाटत नाही. गेल्या आठवड्यात चिंचवडच्या त्याच बाईंच्या मुलीच्या लग्नाला आम्हाला आमंत्रण होते. पंगत उठल्यावर त्यांनी माझा नंबर कोणाला तरी पाठवायला फोन उघडला आणि मला स्क्रीन दिसली. माझे नाव त्यांना ठाऊक होते, आडनावही. नंबर मात्र "सावरगावची पोरगी" म्हणून साठवला होता. मी तो तसाच राहू दिला आणि घरी येऊन ते सांगायला अण्णांना फोन लावला.