तळहातावरची मळी

नागरगोजे साहेब सकाळी डिस्टिलरीत शिरले की आधी यीस्टच्या टाकीपाशी जात आणि पत्र्याला कान लावून उभे राहत. आत बुडबुड ऐकू आली की म्हणत, "उठलेत बेटे!" मग बाकीचं जग त्यांच्यासाठी सुरू होई. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचे ते केमिस्ट, आणि मी वसाहतीतल्या शाळेची शिक्षिका. आमच्या घरांची भिंत एकच होती, त्यामुळे त्यांचं यीस्टपुराण मला न मागता ऐकायला मिळे.

"बाई, माणूस लई लाचार जात हाय," ते म्हणायचे. "ब जीवनसत्त्व पाहिजे म्हणून डाळ खा, दाणे खा, भाकर खा. या बेट्याला नुसती मळी अन् चिमूटभर युरिया द्या. बाकीचं ते घरच्या घरी करतंय!" मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक. तिच्यावर एवढासा जीव आपलं जीवनसत्त्व स्वतः घडवतो, याचं त्यांना पोटच्या पोराइतकं कौतुक होतं.

एकदा मी त्यांना वर्गावर बोलावलं. शर्ट इस्त्री करून आले. फळ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "बैलगाडी कशी करतेत? चाकं एकीकडं, वरची साटी एकीकडं, मग जोडायची. यीस्ट बी-वन, म्हंजी ब जीवनसत्त्वातलं पयलं, तसंच करतंय. दोन तुकडे येगळे घडवतंय, मग सांधतंय." एका मुलीने विचारलं, तुकडे कशाचे? साहेब खुलले. "साध्यासुध्या मालाचे. पण गंमत ऐक. एका तुकड्याला गंधक लागतोय. तो द्यायला यीस्टमधलं एक प्रथिन आपल्याच अंगातला काढून देतंय. एकदा दिला की त्याचं काम खतम. परत उपयोगाचं राहत न्हाई." मुलं एकमेकांकडे बघू लागली. साहेब मात्र घरी जाईपर्यंत हसत होते.

पुढे तो दुष्काळ आला. उसाअभावी गाळप थांबलं आणि कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर जनावरांची छावणी पडली. धारूरच्या डोंगराकडून, पाटोद्याकडून माणसं गुरं घेऊन आली. त्यांत साहेबांचे थोरले भाऊ, दादा, आपली बैलजोडी घेऊन आले होते. चारा पुरेना. चेअरमननी साहेबांना विचारलं, टाक्यांत मळी पडून आहे, ती घालता येईल का?

साहेब हे ऐकायलाच जन्माला आल्यासारखे बोलले. "कावून न्हाई? गाईच्या पोटात बी जंतूंचा कारखानाच हाय. ब जीवनसत्त्व तेच करतेत. मळीवर माझं यीस्ट जगतंय, तर तुमचं जनावर कावून जगणार न्हाई?"

इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला कोण अडवणार? वाळलेल्या चिपाडावर मळी पडू लागली. चारा कमी होत गेला तशी मळी वाढत गेली. दादांचा पवळ्या नावाचा बैल तेवढा वासाने मान फिरवायचा. साहेब त्याच्यापुढे उकिडवे बसले, तळहातावर मळी घेतली आणि त्याच्या तोंडाशी धरली. "खा रे, मी देतोय न्हवं?" दोन-तीन दिवसांत पवळ्या त्यांची चाहूल लागताच जीभ काढू लागला. साहेब ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मग जनावरं झोकांड्या खाऊ लागली. सबंध छावणी हसली. "साहेबाच्या बैलानं घेतली बे!" कुणीतरी ओरडलं. मीही हसले, साहेबही हसले. टाकीत मळी आंबली असेल, उतरेल आपोआप, असं ते म्हणाले. पण जनावरं खुंट्याला डोकं टेकून तशीच उभी राहू लागली, समोरच्या दगडावर धडकू लागली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पवळ्याच्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

"यांच्यातलं बी-वन संपलंय," डॉक्टर म्हणाले. "चारा नाही, नुसती मळी. पोटातले जंतूच बिघडले, ते कुठून करणार?"

साहेबांचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली. ज्या एका गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर बोलला, तीच त्याच्या हातून जनावरांच्या पोटात मेली होती. आणि यीस्टच्या टाकीच्या तळाशी, शंभर पावलांवर, त्याच बी-वनने भरलेलं यीस्ट साचून होतं. ते गुरांना उकळून घालावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं. सुचायची गरजच वाटली नव्हती.

बी-वनच्या सुया टोचल्यावर बरीच जनावरं सावरली, काही गेली. पवळ्या जगला, पण त्याची नजर परत आली नाही. चेअरमननी साहेबांना बाजूला घेऊन समजावलं, "मळी शिळी होती म्हणू. तुमी गप ऱ्हावा." साहेबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते खुंट्याखुंट्यापाशी हात जोडून गेले. "मळी शिळी नव्हती. मी चुकीचं सांगितलं." आदल्या दिवशी चिडलेली माणसंही उठून उभी राहिली, कुठे बघावं ते कुणाला कळेना. कोंडाबाई नावाच्या धनगर बाईची दुभती गाय गेली होती. ती म्हणाली, "साहेब, तुमी एकल्यानं न्हाई घातली. आमीच म्हणलो, आनखी घाला." शिवी दिली असती तर त्यांनी सोसली असती. हे त्यांना सोसेना; ते पुढच्या खुंट्याकडे वळले.

त्यानंतर चारा येईपर्यंत ते पहाटेच उठून तळाचं यीस्ट उकळून गुरांना घालत. टाकीला कान लावणं मात्र बंद झालं. पुन्हा वर्गावर बोलावलं तर म्हणाले, "पोरांपुढं उभं राहायची लाज वाटती, बाई." भिंतीपलीकडची ती शांतता मला सहन होत नव्हती.

निवृत्तीनंतर ते धारूरजवळ दादांकडे गावी गेले. एकदा मी त्या बाजूला गेले होते तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. साहेब गोठ्यात होते, अंगाने निम्मे झालेले. दादा चहा देताना म्हणाले, "आंधळा बैल कशाला पोसायचा, इकून टाकू म्हणलं, तर ह्यो जेवतच न्हाई. पाण्याला न्यायचं, धुवायचं, सगळं ह्योच करतोय." त्या प्रसंगाबद्दल दादा त्यांना आजवर एका शब्दाने बोलले नव्हते. दादा घरात गेल्यावर साहेबच मला म्हणाले, "बोलला असता तर बरं झालं असतं."

निघताना मी विचारलं, वर्गातल्या मुलांना काही निरोप द्यायचा का? ते म्हणाले, "यीस्टचं सांगितलं होतं, ते खरंच हाय. पण त्याच्याबरोबर पवळ्याचं बी सांगा. माझ्या नावानिशी सांगा."

त्यांचा आवाज ऐकून पवळ्या उठला. पांढरट डोळ्यांनी अंदाज घेत दोन पावलं पुढे आला आणि त्याने जीभ बाहेर काढली. साहेबांनी हात पुढे केला. बैल त्यांचा रिकामा तळहात चाटू लागला, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश. साहेबांनी हात मागे घेतला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही.

"अजून मळीच हुडकतंय, बाई," ते म्हणाले.