घरजावयाच्या दोन फळ्या

माझ्या बापाने जावयावर कधी हात उचलला नाही. तो त्यांना अहो-जाहो करूनच सोलून काढायचा.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्याच घरी राहायचे आणि आमच्याच भाजीच्या मळ्यात राबायचे. दोघांना संग्रामपूरला वेगळी खोली करायची होती. धरणावर बापाची इंजिनाची नाव नुसती पडून होती. ती मिळाली तर मासे धरून भाऊजींचं भागणार होतं. एकदा जेवता जेवता बाप म्हणाला, "त्या फळ्याईवर एक मासा धरून दाखवा जवाईबापू, नाव तुमची."

फळ्यांचं वेड भाऊजींनी मोबाइलवर पाहून घेतलं होतं. इंजिनाच्या आवाजाने मासा नावेखालून पळतो. म्हणून गळाची दोरी तिरक्या तोंडाच्या फळीला अडकवायची. फळी पाण्यात उभी तरंगते, नाव चालली की पाण्याच्या रेट्याने बाजूला सरकते, आणि गळ लांबच्या शांत पाण्यातून ओढला जातो. नावेच्या दोन अंगांना दोन फळ्या. आता आमच्याकडे जोडी म्हटली की दोन्ही एकसारखे लागतात, बैल असोत नाहीतर कोळपणीचे डवरे. भाऊजींनी जुन्या दाराच्या फळ्या एकावर एक ठेवून हुबेहूब कापल्या, आणि काय झकास जमल्या म्हणून मीही कौतुक केलं.

सकाळी बाप, भाऊजी आणि मी नावेत बसलो. डावी फळी सरळ बाहेर गेली. उजवीचं तोंडही डावीसारखंच तिरकं, त्यामुळे ती नावेकडेच वळली, बुडाखालून पलीकडे निघाली आणि डावीच्या दोरीत गुंतली. बाप खदाखदा हसला.

"तुमच्यावरच गेली जवाईबापू! बाहेर धाडली, तरी सासऱ्याच्या नावेलेच चिकटून राह्यली."

भाऊजींचे कान लाल झाले. बापाला तिथेच पाण्यात ढकलावं असं मला वाटलं.

"बाबा, काऊन छळून राह्यले त्याईले?"

"तू चूप बस."

भाऊजींनी गुंता सोडवला. उजवी फळी उलटी केली, तेव्हा तिरकं तोंड दुसऱ्या बाजूला आलं. फळी उभी ठेवणारी वजनाची लोखंडी पट्टी उपटून आता खाली आलेल्या कडेला ठोकली, दोरीची कडी आतल्या अंगाला एक भोक मागे लावली, आणि नाव हळू सोडली. फळी ताठ उभी राहिली आणि पाणी कापत दूर गेली. भाऊजी हसले. आमच्या घरात त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात फळी मागे खेचली गेली.

"लागला! मामाजी, लागला!"

भाऊजींनी दोरी धरली. बापाने पायाशी पडलेला विळा उचलला, दोरी भाऊजींच्या हातापासून वीतभर अंतरावर कापली आणि विळा परत जागेवर ठेवला. फळी माशामागे हिसके खात निघून गेली.

"दोरी कच्ची निंगाली तुमची," तो म्हणाला.

मी ओरडले, वाट्टेल ते बोलले. बापाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊजी हातातलं तुटकं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग त्यांनी नाव काठाकडे वळवली. काठ जवळ आल्यावर खालमानेने विचारलं, "मामाजी, उद्या कांद्याले पाणी मीच सोडू न?"

"हाव," बाप म्हणाला. "आता समजलं तुमाले."