तात्यांची नजर आणि लांब पळणारे तिघे

अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना मी आजवर शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तरीही गेल्या हंगामात मी त्या खेळात बारा वेळा हरलो, आणि तेही कतारमधल्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटच्या सोफ्यावरून न उठता.

दोष आमच्या साहेबांचा नाही. वॉल्टरसाहेब टेक्सासचे. रास लफानच्या गॅस प्रकल्पात मी ज्या विभागात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे त्याचे ते प्रमुख. सप्टेंबरात एकदा ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, आमच्या खेळात नऊ जण झाले आहेत, दहावा हवा आहे, येतोस का? मी ‘येस सर’ म्हणालो आणि मग विचारलं, कशात? (करमाळ्याच्या शाळेत आम्हाला हाच क्रम शिकवला होता. आधी होकार, मग प्रश्न. याच क्रमाने मी इंजिनियर झालो, याच क्रमाने कतारला आलो आणि शुभांगीच्या मते याच क्रमाने माझं लग्नही झालं.)

खेळ असा. प्रत्येकाने अमेरिकेतले खरे खेळाडू वाटून घ्यायचे आणि मोबाइलवर आपला एक कागदी संघ करायचा. दर आठवड्याला त्यातले कोण खेळवायचे आणि कोण बसवायचे हे आपण ठरवायचं. ते तिकडे खरोखर जसे खेळतील तसे गुण इकडे आपल्याला. दर आठवड्याला दहांतल्या एकाशी गाठ, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. सामने सुरू होण्याआधी, म्हणजे आपल्याकडे रविवारी संध्याकाळी, निवड पक्की करायची. मग बदल नाही, खलास.

संघात बऱ्याच जागा होत्या. बहुतेक मी ॲपच्या सल्ल्याने भरत असे, कारण त्या खेळाडूंचं काम काय हे मला कधी कळलं नाही. पण ‘वाइड रिसीव्हर’ मात्र मी जातीने निवडत असे. त्यांचं काम स्वच्छ होतं. लांब पळायचं आणि झेल घ्यायचा. माझ्याकडे असे तीन होते आणि जागा दोन.

आता निवडायचे कसे? बाकीचे लोक आकडे बघत. मी शिक्षण बघितलं. खेळाडूच्या नावाखाली कॉलेजचं नाव लिहिलेलं असतं, हे पाहून मला फार बरं वाटलं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. माझ्या पदवीच्या दाखल्याला फ्रेम आहे, आणि त्या फ्रेमला सणावारी हार असतो. तेव्हा दोन शुक्रवार खर्चून मी शोधून काढलं की माझ्या तिघांपैकी पहिल्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली आहे, दुसऱ्याने समाजशास्त्राची, आणि तिसऱ्याने कॉलेज मध्येच सोडलं आहे. (तो माझ्या वाट्याला नाइलाजाने आला. तोवर पदवीधर संपले होते.) पहिले दोघे तेरा आठवडे खेळले. तिसरा तेरा आठवडे बसला. मी अकरा वेळा हरलो.

हरण्याचं मला काही वाटलं नसतं, पण एक शंकू होता. रस्त्यावर खड्ड्याभोवती ठेवतात तो नारिंगी शंकू. हंगामात जो सर्वांत शेवटी येईल त्याच्या टेबलावर तो वर्षभर ठेवायचा, अशी रीत. त्यावर इंग्रजीत हातभर अक्षरांत ‘सर्वांत शेवटचा’ असं लिहिलेलं. शेवटचा आठवडा उरला तेव्हा हिशेब सोपा होता. जिंकलो तर मी नववा, हरलो तर दहावा.

आणि नेमके त्याच आठवड्यात तात्या आले.

तात्या म्हणजे माझे वडील. करमाळ्याच्या मार्केट यार्डात त्यांनी छत्तीस वर्षं मापाडी म्हणून धान्य तोललं. शाळा चौथीपर्यंत. पण माझं प्रत्येक प्रगतिपुस्तक ते यार्डात नेत आणि काट्यावर माल चढवायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवत. माझा पहिला नंबर हे ऐकल्याशिवाय त्या यार्डात ज्वारीसुद्धा विकली जात नव्हती. ‘शेवटचा’ हा शब्द माझ्या नावाशेजारी त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. त्यात पुढच्या मंगळवारी आमच्या कंपनीचा कुटुंब दिवस होता. त्या दिवशी घरच्यांना बसने ऑफिस दाखवायला नेतात. तात्यांनी त्यासाठी करमाळ्याहून नवा फेटा आणला होता. ते माझं टेबल बघणार होते.

आता मी तात्यांना शंकूचं सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. लाज वाटली. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. (ही चूक मी इथे लेखी कबूल करतो. घरी अजून तोंडी केलेली नाही.)

शुक्रवारी आम्ही त्यांना सूक वाकिफला नेलं. खजुराच्या दुकानात तात्यांनी एका पोत्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “एकोणपन्नास भरंल.” दुकानातला माणूस रत्नागिरीचा निघाला. त्याने हसत पोतं काट्यावर ठेवलं. एकोणपन्नास! तो आमच्याकडून खजुराचे पैसेच घेईना. सबंध परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. ज्या माणसाला नजरेने पोतं कळतं, त्याला माणूस कळणार नाही?

शनिवारी संध्याकाळी चहा झाल्यावर मी टॅबवर तिघांच्या पळण्याची चित्रफीत लावली आणि तात्यांना म्हटलं, यातले दोन निवडायचे आहेत. तात्यांनी चष्मा पुसला. पहिल्याला पाहून म्हणाले, गुडघा धरून चालतोय. (खरंच त्याच्या नावापुढे ‘गुडघा, शंका’ असं लिहिलेलं होतं!) दुसऱ्याला पाहून म्हणाले, बरा आहे, गरीब आहे. तिसरा पळाला आणि तात्या खुर्चीत पुढे सरकले.

“ह्यो बघ. ह्येच्या पोटऱ्या बघ. टाच भुईला लागतच न्हाई. ह्येला किती येळा खेळवला?”

“एकदाही नाही.”

“का रं?”

“त्यानं कॉलेज अर्धवट सोडलंय, तात्या.”

तात्यांनी चष्मा काढला. घडी केली. खिशात ठेवला.

“मी चौथीत साळा सोडली. मलाबी बसीव मग कोपऱ्यात.”

शुभांगी स्वयंपाकघरातून हसली. अकरा वर्षांची आमची सई तर सोफ्यावर लोळली. मी जागच्या जागी त्या तिसऱ्याची क्षमा मागितली, त्याला संघात घेतलं आणि गुडघेवाल्याला बसवलं. ॲपनेही लगेच भाकीत बदललं. मी जिंकणार! हंगामात पहिल्यांदा ॲपने माझ्याबद्दल काही चांगलं म्हटलं. त्या रात्री मी पदवीच्या फ्रेमकडे न बघता झोपलो.

रविवारी ऑफिसातून आलो तर तात्या बाल्कनीत बसून समोरच्या उपाहारगृहातली गर्दी तोलत होते. मी उत्साहात सांगितलं, आज संध्याकाळी आपला सामना.

“कुणासंगं हाय?” त्यांनी सहज विचारलं.

“आमच्या साहेबांशीच.”

तात्या उठले. आत आले. पाणी प्याले. सईच्या वहीत चार ओळी बघितल्या. परत बाहेर गेले. माझ्या लक्षात काही आलं नाही, कारण मी आनंदात होतो, आणि आनंदात माझ्या लक्षात काही येत नाही, असं शुभांगी म्हणते.

सामन्याला पाऊण तास उरला असताना तात्या माझ्याशेजारी येऊन बसले.

“दिल्या, काल माझा चष्मा नीट पुसला नव्हता. त्यो तिसरा काय खरा न्हाई.”

“अहो, पण पोटऱ्या?”

“कच्च्या हायती. आज परत बघितलं. ह्यो पयला घे. गुडघेवाला. त्येचा दम टाचंत हाय.”

शुभांगी जिथे होती तिथून थेट आली. हातात लाटणं होतं. म्हणाली, “अहो, त्याचा गुडघा सुजलाय असं तुमच्याच मोबाइलवर लिहिलंय.”

“तात्या म्हणतायत ना.”

“काल तात्याच म्हणत होते, गुडघा धरून चालतोय.”

“काल चष्मा पुसलेला नव्हता.”

सई म्हणाली, “बाबा, प्लीज डोन्ट.” पण जगात असा कोणता मुलगा आहे, जो एकोणपन्नास किलोचं पोतं नजरेने तोलणाऱ्या बापाचं ऐकणार नाही? मी तिसऱ्याला काढलं. गुडघेवाल्याला घेतलं. ॲपने विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. ॲपने पुन्हा विचारलं. माझ्या आयुष्यात यंत्राने मला दोनदा विचारलं ते एकतर प्लांट बंद करताना, नाहीतर त्या दिवशी. तात्या मात्र समाधानाने देवापुढे दिवा लावायला गेले.

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइल उघडला. गुडघेवाला मैदानावर उतरलाच नव्हता. गुण शून्य. आणि माझ्या बाकावर बसलेल्या त्या तिसऱ्याने तीन वेळा चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडे धाव घेतली होती! अख्ख्या हंगामात त्याने असा पराक्रम केला नव्हता. जणू मी बसवलं म्हणूनच इरेला पेटला होता. मी साहेबांकडून चार गुणांनी हरलो होतो. रास लफान येईपर्यंत मी खिडकीबाहेर वाळवंट बघत होतो, आणि वाळवंटात जागोजागी मला नारिंगी शंकू दिसत होते. (काही खरेही होते. रस्त्याचं काम चालू होतं.)

ऑफिसात पोचलो तर तो टेबलावर हजर. कीबोर्डच्या उजव्या हाताला, पुसून लख्ख केलेला. मी दिवसभर त्याच्यावर जॅकेट टांगून ठेवलं.

मंगळवारी कुटुंब दिवस. तात्या फेटा बांधून बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर बसले आणि वाटेतल्या प्रत्येक टाकीचं वजन सांगत आले. टेबलाशी पोचलो. माझं जॅकेट सफाईवाल्याने व्यवस्थित घडी करून खुर्चीवर ठेवलेलं! शंकू उघडा. तात्या त्याच्याकडे बघणार, एवढ्यात वॉल्टरसाहेब आले. तात्यांनी वाकून नमस्कार केला. साहेबही वाकले. मग साहेबांनी इंग्रजीत मला सांगितलं, तुझ्या वडिलांना सांग, या आठवड्यात तू मला हरवलंच होतंस. फक्त त्या तिसऱ्याला खेळवायला हवं होतंस. त्याला का काढलंस हे मला काही केल्या कळत नाही.

मी तात्यांना अर्धंच सांगितलं, तिसऱ्याला खेळवलं असतं तर जिंकलो असतो एवढंच. तात्यांनी शांतपणे मान हलवली.

“म्हाईत हाय. म्हनून तर काढायला लावला.”

“काय?”

“सायबाला हरवून जाणार कुठं हाईस? अन्न हाय त्येंच्या हाती. पोरीचं शिक्षान व्हायचंय अजून. त्यो तिसरा वाघ हाय, ते मला पयल्या दिशीच कळलं हुतं.”

मी हे साहेबांना काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होतो. पण सईने तोवर इंग्रजीत भाषांतर करूनही टाकलं होतं, वाघासकट. (एरवी मराठीत एक वाक्य बोल म्हटलं तर हिची बोबडी वळते!) साहेबांनी आधी तात्यांकडे पाहिलं. मग इतके हसले की त्यांना खुर्ची लागली. डोळे पुसत त्यांनी तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी मुलगा तुम्ही ठेवा, पण तुम्ही माझ्या संघात या.

तात्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, तुम्हाला नोकरी देतायत.

“ते बघू,” तात्या म्हणाले, आणि त्यांची नजर शंकूवर गेली. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. सईला येत होती. तिने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

“ह्ये काय मिळालंय?”

“हंगामाचं आहे, तात्या.” खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलवत नव्हतं. “माझा... दहावा नंबर आला.”

तात्यांनी शंकू उचलला. नजरेने नव्हे, हाताने तोलला.

“धावा नंबर? ह्या एवढ्या परमुलखात? साता समुद्रापारच्या खेळात?” त्यांनी फेटा सरळ केला. “हुबा ऱ्हा तितं. सई, आमचा फोटू काढ.”

मी शंकू छातीशी धरून उभा राहिलो. एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला साहेब. साहेब अजून हसतच होते.

तात्या परत गेले. महिनाभराने शाळेतल्या एका मित्राने मला करमाळ्याच्या स्टँडसमोरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. फ्लेक्स दहा फूट रुंद. मधोमध मी, शंकू कवटाळून. खाली मार्केट यार्डातल्या सतरा शुभेच्छुकांचे गोल फोटो. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘कतार येथे अमेरिकन फुटबॉलमध्ये दहावा क्रमांक पटकावल्याबद्दल आपल्या करमाळ्याचे सुपुत्र इंजिनियर दिलीपराव यांचे हार्दिक अभिनंदन!’

आता गावाकडून अभिनंदनाचे फोन येतात. आमच्या शाळेने तर पुढच्या सुट्टीत माझा सत्कार आणि ‘यशाचा कानमंत्र’ या विषयावर भाषण ठेवलं आहे. मी सवयीप्रमाणे आधी हो म्हणालो. दहावा नेमका किती जणांत, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. करमाळ्याच्या लोकांचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास आहे.